पिकअपचा ठोका



पालघर आणि बोईसर यांच्या दरम्यान उमरोळीचे लहानसे स्टेशन आहे. तिथल्या फलाटावर उभे असताना, सिग्नलला थांबलेली मालगाडी पुन्हा निघते तेव्हाचा आवाज आपण कधी ऐकला आहे का? इंजिन सरकते, पण शेवटचा डबा लगेच हलत नाही. आधी पहिला जोड ताणला जातो, मग दुसरा, मग तिसरा, आणि ‘खड् खड् खड्’ असा आवाज गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जातो. प्रत्येक जोडात थोडी ढिलाई असते. ती भरून निघते तेव्हा लोखंडावर लोखंड आपटते. एवढेच त्या आवाजाचे रहस्य.

हीच गोष्ट आपल्या दाराशी उभ्या असलेल्या पिकअपच्या पोटातही घडते. भाजी, गवत, विटा, सातपाटीची मासळी, सगळे काही वाहणारी ही गाडी आज कित्येक घरांची अन्नदाती आहे. ती एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचे भाडे बुडते; बँकेचा हप्ता काही उभा राहत नाही! म्हणून गाडीतून ‘ठक्’ असा ठोका येऊ लागला की मालकाच्या काळजातही ठोका पडतो.

उमरोळीच्या एका ओळखीच्या गृहस्थांचे असेच झाले. गिअर टाकून क्लच सोडला की पायाखाली ‘ठक्’. एका कारागिराने सांगितले, क्लचप्लेट गेली. प्लेट बदलली, पैसे गेले, ठोका मात्र राहिला. मग गिअरबॉक्स उघडायचा बेत ठरला. तेवढ्यात एका जुन्या ड्रायव्हरने विचारले, “दादा, ठोका पडतो तो नेमका केव्हा?” निघताना आणि ब्रेक मारताना, असे उत्तर आल्यावर तो खाली वाकला आणि मागच्या पाट्यांकडे बोट दाखवले. पाटे ॲक्सलला बांधून ठेवणाऱ्या यू-बोल्टांच्या नटा ढिल्या होत्या. मासळीच्या पेट्यांतून गळणाऱ्या खाऱ्या पाण्याने बोल्ट गंजून खंगले होते. नवे बोल्ट घालून नीट आवळले, आणि ठोका गेला!

मंडळी, आजच्या भाषणाचे सार त्या ड्रायव्हरच्या प्रश्नात आहे. आवाज कुठून येतो, याबाबत कान फसतात, कारण लोखंडी चासीतून आवाज दूरवर पोचतो. आवाज केव्हा येतो, याबाबत मात्र सहसा फसगत होत नाही. म्हणून आधी ‘केव्हा’ आणि मग ‘कुठे’.

इंजिनाची ताकद क्लच, गिअरबॉक्स, गाडीखालचा लांब शाफ्ट आणि मागचा डिफरन्शिअल, अशा वाटेने चाकांपर्यंत जाते. निघताना, गिअर बदलताना, किंवा पुढचा गिअर काढून रिव्हर्स टाकताना एकच ठोका पडत असेल, तर या वाटेवर कुठेतरी ढिलाई आहे. शाफ्टचे क्रॉस, त्याचा सरकता जोड, इंजिनाखालची रबरे किंवा ते यू-बोल्ट, यांवर आधी नजर टाकावी. वेग वाढेल तशी गाडी थरथरू लागली, तर शाफ्ट किंवा त्याचे सेंटर बेअरिंग तपासावे. फक्त वळणावर ठोका पडला, तर डिफरन्शिअलच्या आत पाहावे लागेल. आणि गिअर न्यूट्रलमध्ये असतानाही खड्ड्यात तोच आवाज आला, तर या वाटेला दोष देऊ नका; पाटे, त्यांचे बुश आणि शॉकॲब्सॉर्बर पाहा.

आता तपासणी. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद, किल्ली खिशात, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, आणि चाकांना पुढून-मागून दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक घसरायला क्षण पुरतो. शाफ्ट थंड होऊ द्या. मग क्रॉसच्या दोन्ही बाजूंना एकेक हात धरून उलटसुलट पिळा. दोन्ही बाजू एकजीव हलायला हव्यात. एक बाजू आधी हलून दुसरी मागून आली, किंवा क्रॉसभोवती तांबूस गंजाची भुकटी दिसली, तर तो क्रॉस संपला असे समजा. अख्खा शाफ्ट मात्र थोडासा फिरला तर घाबरू नका. चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट चार-पाच फेरे घेतो, म्हणून मागच्या दात्यांमधली आवश्यक फट शाफ्टवर मोठी होऊन दिसते.

क्रॉस झिजलेला असेल तर तो बदलावाच. तो रस्त्यात तुटला तर शाफ्टचे टोक जमिनीवर आपटते, आणि भरल्या गाडीत तो खेळ जिवावर बेततो. शाफ्ट उतरवण्यापूर्वी जोडांवर खुणा करून घ्या आणि त्याच खुणांवर पुन्हा बसवा. याचे कारण शिक्षकबंधूंनी मुलांना जरूर सांगावे. या जोडाला सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाचे नाव आहे. तो कोनात फिरतो तेव्हा पुढच्या दांड्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. कोन २० अंशांचा असेल तर ही चढउतार सुमारे ६ टक्के वर आणि तितकीच खाली. दुसरा क्रॉस योग्य दिशेत बसवला तर पहिल्याची चूक तो भरून काढतो. चुकीचा बसवला तर थरथर वाढते.

राहिली देखभाल. ज्या क्रॉसला निपल आहे त्याला ग्रीस असे भरा, की चारही टोकांतून नवे ग्रीस डोकावेल. सरकत्या जोडालाही विसरू नका. पावसाळ्यात गाडी पाण्यातून गेली असेल तर डिफरन्शिअलचे तेल पाहा. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले. ते बदलल्यावाचून गत्यंतर नाही. मासळी वाहिलेली गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुवा.

आणि कारागिराकडे जाल तेव्हा, “आवाज येतो” एवढेच सांगू नका. निघताना की थांबताना, सरळ की वळणावर, रिकामी असताना की भरलेली, हे चार दिवस वहीत टिपून न्या. वैद्याला रोग्याने दुखण्याची वेळ सांगितली म्हणजे निम्मे निदान होते. गाडीला बोलता येत नाही. तिच्या वतीने बोलणे हे मालकाचे काम आहे.