तीन थरांची दाण्याची वडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करावयाची सवय नाही, म्हणून मी सोबत ताटच आणले आहे. वडी खाता खाता ऐका, म्हणजे माझ्या बोलण्यातल्या चुका पोटात जातील.

गेल्या संक्रांतीला तुम्ही माझ्याकडे हळदीकुंकवाला आलात, तेव्हा मी नुसता तिळगूळ हातावर ठेवला. खरे म्हणजे त्या दिवशी हीच वडी द्यावयाची होती. एका नातलग बाईंना मी कृती विचारली होती. त्या म्हणाल्या, "त्यात काय, चॉकलेट वितळवायचे आणि ओतायचे!" मला ते दाट वाटले, म्हणून मी दोन चमचे पाणी घातले. पाहता पाहता त्याचा रवाळ गोळा झाला. घरखर्चातून वाचवून आणलेला जिन्नस! मला रडूच कोसळले. सासूबाई रागावल्या नाहीत. "टाकू नकोस, गरम दूध घाल त्यात," म्हणाल्या. मुलांनी ते दूध आवडीने प्याले.

आपण बायका कृती सांगताना पुष्कळदा हातचे राखतो. त्यात दुसरीचे तूपसाखर वाया जाते आणि घरात तिला बोलणी बसतात, ती वेगळीच. म्हणून मी आज सगळे सांगते.

खालच्या थराला २०० ग्रॅम साध्या बिस्किटांची पूड करावी. तीत ८० ग्रॅम पातळ केलेले लोणी किंवा तूप कालवून तूप लावलेल्या ताटात वाटीने दाबून बसवावे.

मधल्या थराला २५० ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर भाजावेत. काळा पडलेला, बुरशी आलेला दाणा आधीच टाकावा. त्या बुरशीत विष असते व भाजल्याने ते पुरते जात नाही. साले काढून दाणे मिक्सरमध्ये फिरवावेत. आधी कूट होते, मग ते भांड्याला चिकटते. तेथे थांबू नये व पाणी घालू नये. मिक्सर तापला की विसावा द्यावा. दाण्याचे तेल सुटले की लोण्यासारखे मऊ होते. त्यात १५० ग्रॅम पिठीसाखर व चिमूटभर मीठ मळून तो गोळा बिस्किटांवर थापावा.

वरच्या थराला १५० ग्रॅम चॉकलेट कोरड्या वाटीत चिरून घ्यावे. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाटी धरून चमचाभर तूप घालून ढवळावे. पाण्याचा थेंब पडला की चॉकलेटमधली साखर तो शोषते आणि सारे आळते. माझे तेच झाले होते. चॉकलेट पातळ झाले की दाण्याच्या थरावर पसरावे. अर्धवट घट्ट होताच सुरीने रेघा माराव्यात. पुरते घट्ट झाल्यावर कापले तर वरचा थर तडकतो. थंडीत वडी बाहेरही धरते, उन्हाळ्यात मात्र फ्रीज पाहिजे. ज्या मुलांना दाणे बाधतात त्यांना ही देऊ नये. बिस्किटात गहू असतो, तेव्हा उपवासालाही चालत नाही.

कोणी म्हणेल, हे परदेशी खूळ आपल्याकडे कशाला? चॉकलेट ज्या कोकोच्या बियांचे होते, त्याचे झाड दक्षिण अमेरिकेतले. पण शेंगदाणाही तिकडलाच, आणि ज्या साबुदाण्याची आपण एकादशीला खिचडी करतो त्याचा कंदही तिकडलाच. फार कशाला, ज्या मिरचीच्या बाजारासाठी लोक आपल्या पिंपळगावला येतात, ती मिरचीसुद्धा त्याच अमेरिकेतून आली! आज तिला परकी कोण म्हणेल? कोकोही आता केरळ, कर्नाटक, आंध्रात पिकतो. कर्नाटकात पुत्तूर येथे १९८६ साली शेतकऱ्यांच्या कॅम्पको या सहकारी संस्थेने चॉकलेटचा कारखाना काढला. जिन्नस कोठलाही असो, आपल्या हाताखालून गेला की तो आपल्या घरचा होतो.

यंदाच्या संक्रांतीला तिळगुळाशेजारी ही वडी ठेवीन. सासूबाईंनी पहिला तुकडा आताच मागून ठेवला आहे. तुमच्यापैकी कोणाची बिघडली तर लपवू नका. मला सांगा, आणि मुख्य म्हणजे दूध तापत ठेवा!