वाटपाचा निर्णय आधी हवा



‘आधी उत्पादन वाढू द्या, वाटपाचे मग पाहू’ हा युक्तिवाद आपण अनेक दशके ऐकत आहोत. तो सर्वस्वी खोटा नाही. जेथे काही निर्माणच होत नाही, तेथे समतेच्या नावाने दारिद्र्याचीच वाटणी होते. परंतु उत्पादन वाढत असतानाच त्याच्या मालकीचा निर्णयही होऊन जातो, ही गोष्ट या युक्तिवादात दडवली जाते.

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना घ्या. १९७२ च्या दुष्काळात तिला व्यापक रूप आले. वि. स. पागे यांच्या या कल्पनेला विधिमंडळाने १९७७ मध्ये कायद्याचे अधिष्ठान दिले. नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून ग्रामीण मजुराला काम पुरवण्याची जबाबदारी राज्याने पत्करली. लोकशाही मार्गाने फेरवाटप होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. मजुरांच्या श्रमातून पाझर तलाव, नालाबांध, रस्ते झाले; म्हणजे विकासही झाला. मात्र तलावाचे पाणी झिरपले ते ज्याची विहीर होती त्याच्याकडे. ज्या भूमिहीन स्त्रीने मातीच्या पाट्या वाहिल्या, तिच्या पदरी हजेरीपटावरची मजुरी तेवढी पडली. त्या मजुरीने चूल पेटली, हे खरेच. पण काम संपताच ती थांबली. पाणी मात्र विहीरवाल्याला पुढेही उत्पन्न देत राहिले.

त्याच दशकात पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला. तेथे पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, घरातील माणसांच्या संख्येवर वाटायचे ठरले. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क मिळाला. उसाला मनाई झाली. पाणी थोडे होते, म्हणून नियम आधी ठरला. आणि त्या नियमामुळेच तेवढ्या पाण्यात अधिक कुटुंबांची शेती ओलिताखाली आली. न्याय येथे विकासाच्या आड आला नाही.

अशा नियमाला विरोध होणारच. ज्याची विहीर आणि ज्याचा ऊस, त्याचाच आवाज ग्रामसभेत बहुधा मोठा असतो. परंतु मत त्यालाही एकच आहे. म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच: गावात सार्वजनिक पैशाने काम निघाले, तर मजुरीचा दर विचारून थांबू नका. त्यातून होणाऱ्या मालमत्तेत भूमिहीनांचा वाटा किती, याचा ठराव पहिली कुदळ पडण्यापूर्वी ग्रामसभेत मांडा.