पाठीच्या कण्याला इजा : पायांइतकीच छाती सांभाळा

(के. आर. पुरम येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांसमोर केलेले भाषण)



मी मॅट्रिक शिकलेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण मानेच्या कण्याला इजा झालेला एक सोबती आम्ही गमावला, म्हणून बोलतो. आम्ही सगळे त्याच्या पायांकडे पाहत राहिलो. तो गेला न्यूमोनियाने.

असे का होते? छाती आणि पोट यांच्यामधला पडदा हा श्वासाचा मुख्य स्नायू. त्याच्या नसा मानेतून निघतात. त्यांच्या वर मज्जारज्जू पूर्ण तुटला, तर यंत्राशिवाय श्वास चालत नाही. खाली इजा झाली तर पडदा चालतो; पण इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल, तर बरगड्यांचे व पोटाचे स्नायू लुळे पडतात. खोकल्याला जोर देणारे स्नायू तेच. जोर गेला की कफ साचतो आणि फुफ्फुसाला संसर्ग होतो.

यावर इलाज आहे. फिजिओथेरपिस्टकडून दीर्घ श्वासाचे व्यायाम शिका. रुग्ण खोकताना पोटावर दाब कसा द्यायचा, हे घरच्यांनी त्यांच्याकडूनच शिकावे. बसताना पोटाला पट्टा लागेल का, ते विचारा. विडी-सिगारेट बंद. फ्लू व न्यूमोनियाच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारा. ताप, दम किंवा कफ वाढला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. प्रत्येकाला पदक मिळणार नाही. पण अंथरूण हाच शेवट नाही, एवढे त्यातून घ्या.

आणि नोकरी? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० वाचा. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, दर्जाही उतरवता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. तेही नसेल तर जादा पद निर्माण करावे लागते. घाबरून राजीनाम्यावर सही करू नका. आधी युनियनकडे या.

शाखांना माझे सांगणे एकच : जखमी सोबत्याला भेटायला जाल तेव्हा फळे न्या, पण "खोकला नीट निघतो का?" हेही विचारा.

कामगार एकजुटीचा विजय असो!