दातांवरचे डाग
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात आमच्यासारख्या मास्तरास दोन शब्द बोलण्याचा मान दिलात, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. रोज वर्गभर मुलांची तोंडे पाहणारे शिक्षक आहोत. म्हणून मुलांच्या दातांविषयीच बोलतो, आणि आरंभ आमच्याच एका चुकीपासून करतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत नलगोंड्याकडून हैदराबादेस आलेली एक मुलगी आमच्या वर्गात होती. तिच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि तपकिरी डाग होते. एके दिवशी भर वर्गात आम्ही विचारले, “दात घासत नाहीस का ग?” त्या दिवसापासून ती हसताना तोंडावर हात धरू लागली. पुढे तिचे वडील भेटले. म्हणाले, “मास्तरसाहेब, पोर रोज दात घासते. आमच्या गावी सगळ्यांचेच दात असे आहेत.” आम्हांस मान वर करवेना.

ते डाग घाणीचे नव्हते, पाण्याचे होते. नलगोंडा भागातील ग्रॅनाइट खडकांतून फ्लोराइड जमिनीखालच्या पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असा दंडक आहे. तेथील पुष्कळ गावांच्या विहिरींत ते अधिक होते. बेताचे फ्लोराइड दात किडू देत नाही. पण दात घडत असताना ते अती झाले, तर दाताचे वरचे कवच, म्हणजे इनॅमल, कच्चे राहते.

दात घडतो केव्हा, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पहिली पक्की दाढ सहाव्या-सातव्या वर्षी दिसते. पण तिचे कवच जन्माच्या सुमारास घडू लागून तिसऱ्या वर्षापर्यंत पुरे होते. कवच घडविणाऱ्या पेशी दात उगवल्यावर उरत नाहीत. मोडलेले हाड सांधते, इनॅमल पुन्हा येत नाही. म्हणजे सातव्या वर्षी दिसणाऱ्या डागाचे कारण बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतले असते. त्याबद्दल मुलास रागावून काय उपयोग?

पाण्याखेरीज इतरही कारणे आहेत. दुधाच्या दातांचे कवच आईच्या पोटातच घडू लागते. म्हणून गरोदरपणी आईची आबाळ, ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव, अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे बाळंतपण यांचा परिणाम दातांवर होऊ शकतो. बालपणीची मोठी आजारपणेही याच यादीत येतात. दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला वा त्यावर जबर मार बसला, तर खालच्या पक्क्या दातास इजा पोचते. तेव्हा “दुधाचेच दात, पडायचेच आहेत” असे म्हणू नये. टेट्रासायक्लिनसारखी औषधेही गरोदरपणी वा लहान मुलास डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत.

उपाय साधे आहेत. बोअरचे पाणी पीत असाल, तर ते तपासून घ्या. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट दाट होते. नागपूरच्या नीरी संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी व चुना वापरून फ्लोराइड काढण्याची रीत बसविली. तिला ‘नलगोंडा पद्धत’ असेच नाव पडले. तीन वर्षांखालील मुलास टूथपेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी द्यावी, आणि ती गिळू देऊ नये. कच्च्या कवचाच्या दातास थंड पाणी लागले की कळ येते, म्हणून मूल घासण्याचे टाळते आणि दात लवकर किडतो. अशा मुलास दम देऊ नका, दंतवैद्याकडे न्या.

न्यासास एकच विनंती. ज्या सभासदांच्या घरी बोअरचे पाणी पितात, त्यांच्या पाण्याची तपासणी या महोत्सवी वर्षात करवून घ्यावी. आमच्या वर्गातल्या त्या मुलीसाठी आम्हांस काही करता आले नाही. आज आपल्या घरी जे मूल रांगत आहे, त्याच्यासाठी मात्र अजून वेळ आहे.