मळ्याचा दगड



ओढ्यातले मासे मोजत हिंडणाऱ्या माणसाला तुम्ही या संमेलनाचे अध्यक्षपद दिलेत, याचा मला मनापासून आनंद आहे. आभार मानतो आणि लगेच विषयाला येतो. आज मला एका बोटभर माशाबद्दल बोलायचे आहे. त्याचे नाव मळ्या.

मावळातला कुठलाही बारमाही ओढा घ्या. गुडघाभर पाण्यात, जिथे धार गोट्यांवरून फेसाळत उतरते, तिथे वाका आणि थोडा वेळ अजिबात हलू नका. आधी नुसते दगड दिसतात. मग एका दगडाचा तुकडा सरकल्यासारखा वाटतो. तो मळ्या. रंग दगडाचा, पोट सपाट, तोंड खालच्या बाजूला आणि खालच्या ओठामागे मांसल गोल चकती. ती चकती दगडावर टेकवून तो पुराच्या लोंढ्यातही जागा सोडत नाही. दगडावर चढलेले शेवाळ खरवडून खायचे आणि गोट्यांच्या कपारीत लपायचे, असा त्याचा दिनक्रम. गोटे काढले की त्याचे जेवणाचे ताट आणि घराचे छप्पर एकदमच जाते.

विज्ञानात याचे नाव ‘गारा मुल्या’. त्यातला ‘मुल्या’ म्हणजे आपला मळ्याच. हे नाव दिले कर्नल विल्यम सायक्स यांनी. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून ते दख्खन हिंडले आणि १८३९ मध्ये त्यांनी इथल्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. मला त्यांचा मोठेपणा वाटतो तो असा, की त्यांनी कितीतरी माशांना इथली स्थानिक नावेच ठेवली. खुद्री, कोलस, नुक्ता, फुलंगी, सांडखोल, घोगरा, ताकरी. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात जा, बरणीवरच्या चिठ्ठीत लॅटिनच्या शेजारी हे शब्द बसलेले दिसतील. खुद्री म्हणजे दख्खनचा महासीर. त्याचे पहिले वर्णन झाले ते पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या पाण्यातल्या माशावरून. कपाळावर टेंगूळ असलेला नुक्ता मिळाला इंद्रायणीत. आज तो संकटग्रस्त माशांच्या यादीत आहे. आणि ही नावे सायक्सना ज्यांच्या तोंडून मिळाली, त्या माणसांची नावे कुठेच नोंदलेली नाहीत. याची रुखरुख मला पहिल्यापासून आहे.

आता माझ्या ओढ्याविषयी. ज्या ओढ्यावर मी पीएच.डी. केली, तिथे नंतरही वर्षानुवर्षे जात राहिलो. त्याचा प्रत्येक डोह आणि प्रत्येक खळाळ मला माहीत होता. एका मे महिन्यात गेलो तर ओळखच पटेना. पोकलँडने चार दिवसांत तळ सरळ करून टाकला होता. गोटे काठावर ढीग करून ठेवले होते, काही ट्रॉलीतून गेलेही होते. खाली सिमेंटचा बांध उभा होता. कामाच्या फलकावर लिहिले होते, ‘नाला खोलीकरण व रुंदीकरण’. मी त्या फलकापुढे बराच वेळ उभा राहिलो. पिढ्यान्‌पिढ्या गाव ज्याला ओढा म्हणत आले, तो कागदावर नाला झाला होता. एकदा नाला म्हटले, की त्यात मासे असतील असे कुणाच्या मनातही येत नाही.

गावाची तहान खरी आहे, हे मी जाणतो. जानेवारीतच टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्यांवर मी राहिलो आहे. पाणी अडवू नका असे मी म्हणणार नाही. पण त्या बांधामागे पाणी थांबले, गाळ बसला, गोट्यांमधल्या फटी बुजल्या. वाहत्या पाण्यात खळाळामुळे जो प्राणवायू मिसळतो, तो कमी झाला. दोन पावसाळ्यांनंतर मी तिथे पाग टाकला तेव्हा जाळ्यात चिलापी आली. आफ्रिकेतला हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते, साचलेले गढूळ पाणी त्याला चालते. मळ्या एकही मिळाला नाही.

बांधाने आणखी एक गोष्ट तोडली. पहिला जोराचा पाऊस झाला, गढूळ पाणी शेतांतून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत उतरले, की मासे उलटे निघतात. सिंधुदुर्गात त्यांना चढणीचे मासे म्हणतात, रायगड-ठाण्याकडे वलगणीचे. हा शब्द ऐकला की इथे बसलेल्या कोकणातल्या माणसांना कंदील, भिजलेली गोणपाटे आणि रात्रीचा आरडाओरडा आठवेल. मलाही आठवतो. मी लहानपणी काकांबरोबर वलगणीला जायचो. चढणारी मादी हातात धरली की बोटांना तिच्या पोटातली गाभोळी जाणवायची. ती वर निघालेली असते उथळ, निवळ, गोटेरी पाण्यात अंडी घालायला. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, ती माशांची वीण साधावी म्हणूनच. ओढ्यातल्या माशाची वीण तेवढीच खरी आहे.

याबाबतीत कोल्हापूर पद्धतीचा बंधारा मला फार शहाणा वाटतो. पावसाळा सरला की त्याच्या गाळ्यांत बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. बर्गे वेळेवर निघाले तर गाळ्यांमधून नदी वाहते आणि मासा वर जातो. रखडले तर नेमक्या चढणीच्या आठवड्यात वाट बंद होते. बर्गे काढण्याची तारीख माशांसाठीही महत्त्वाची आहे, हे पाटबंधाऱ्याच्या इंजिनिअरांना मी ज्या ज्या वेळी सांगितले, त्या प्रत्येक वेळी त्यांनी ते आस्थेने ऐकून घेतले. तोवर त्यांना हे कुणी सांगितलेच नव्हते.

‘मग बीज सोडा ना नदीत,’ असे मला पुष्कळ जण सुचवतात. त्यांना मी आपल्याच खुद्रीची गोष्ट सांगतो. लोणावळ्याच्या वळवण तलावापाशी १९७० च्या दशकापासून महासीराची कृत्रिम पैदास झाली. ते काम तंत्र म्हणून उत्तमच होते. त्यातले मासे दूर कावेरीतही सोडले गेले. कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला प्रचंड महासीर होता. आपला मासा तिथे फोफावला आणि कावेरीचा महासीर मागे पडत गेला. त्याचे शास्त्रीय नाव नीट निश्चित व्हायला २०१८ उजाडले, आणि तोवर तो अतिसंकटग्रस्त झालेला होता. प्रत्येक नदीचे स्वतःचे मासे असतात. एका नदीचा मासा दुसरीत सोडणे याला मी संवर्धन म्हणत नाही.

संवर्धन पाहायचे तर महाडजवळच्या वाळणकोंडाला जा. काळ नदीच्या त्या डोहात वरदायिनी देवीचे मासे आहेत. कुरमुरे टाकले की हातभर महासीर वर येतात आणि त्यांना कुणी गळ लावत नाही. किंवा आंबोलीला जा. तिथे हिरण्यकेशीच्या उगमापाशी २०२० मध्ये एका छोट्या माशाची नवी जात नोंदली गेली, आणि दुसऱ्याच वर्षी राज्य सरकारने ती २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटाएवढ्या माशासाठी एवढे होऊ शकते! मात्र तिथे मंदिर होते, उगमाचे पावित्र्य होते. ज्या ओढ्याच्या काठी देऊळ नाही, त्याचे काय?

माझे मागणे फार नाही. खोलीकरणाचे अंदाजपत्रक होण्याआधी त्या ओढ्यातले मासे कुणीतरी पाहावेत. खळाळातले गोटे जागेवर राहू द्यावेत. बांध घालायचाच तर एका कडेला दगडांची उतरती पायरी ठेवावी, म्हणजे चढणीला वाट राहील. उन्हाळ्यात जे शेवटचे डोह उरतात, त्यांत ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणाऱ्यांना गावानेच अडवावे. त्या डोहांत पुढच्या वर्षीचा सगळा ओढा जीव धरून असतो. आणि हे सारे मराठीत लिहिले जावे. ग्रामसभेचा ठराव मराठीत होतो. माझे सगळे शोधनिबंध मात्र इंग्रजीत आहेत. ज्यांनी पोकलँड बोलावला, त्यांच्या हाती माझे एक पानही पोचले नव्हते. ही चूक माझी आहे.

ती दुरुस्त करायला मी एक वही घातली आहे. भीमेकाठच्या एका वृद्ध भोई आजोबांपाशी दोन दिवाळ्या बसून त्यांना येणारी माशांची सगळी नावे लिहून घेतली. कुठला मासा कुठल्या पाण्यात, कुठल्या महिन्यात, आणि कुठल्या सालापासून दिसला नाही, हेही त्यांनी सांगितले. बहुतेक नावांसमोर मी शास्त्रीय नाव लिहू शकलो. चार नावांसमोरची जागा अजून कोरी आहे. आजोबा आता नाहीत आणि ते मासे मला मिळालेले नाहीत. तुमच्या गावी, तुमच्या घरात कुणाच्या तोंडी ती नावे असतील तर जेवणाच्या सुटीत कृपा करून मला भेटा. वही मी बरोबर आणली आहे.