जिवंत साल आधी ओळखा

आमचा गट रोपवाटिका चालवतो, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे. आज बोलायचंय ते बोन्सायच्या वाळल्या लाकडाबद्दल आणि ते कोरायच्या यंत्राबद्दल.

जपानमध्ये डोंगरकड्यांवर जुनिपरची झाडं वाढतात. बर्फ, वारा, वीज सोसून त्यांच्या फांद्या वाळतात, साल उडते, लाकूड पांढरं पडतं. तरी एका बाजूला सालीचा जिवंत पट्टा राहतो आणि त्यावर झाड हिरवं राहतं. तिथले कारागीर कुंडीतल्या झाडालाही तेच रूप देतात. वाळल्या फांदीला ते ‘जिन’ म्हणतात, खोडावरच्या वाळल्या पट्ट्याला ‘शारी’. मासाहिको किमुरा या कारागिरानं विजेच्या यंत्रांनी असं काही कोरीव काम केलं, की पुढं जगभरचे बोन्सायवाले ती यंत्रं वापरू लागले.

आपल्या बांधावरची जुनी चिंच आठवा. खोड आतून पोकळ, तरी चिंचा लगडलेल्या. कारण झाडाचा जीव सालीत आणि सालीलगतच्या लाकडात असतो. आतलं जुनं लाकूड नुसता आधार देतं.

हे मला नीट कळलं ते नुकसान झाल्यावर. अकरा वर्षं कुंडीत वाढवलेली आमची एक चिंच होती. तिच्या विक्रीतून शेडनेटचा हप्ता भरायचा होता. एका बाजूची फांदी वाळली होती, ती कोरावी म्हणून ग्राइंडर भाड्यानं आणला. पदर नुसता खांद्यावर टाकलेला. तो यंत्रात ओढला गेला, हात हलला आणि पातं जिवंत सालीत शिरलं. पदर फाटला, मी वाचले. चिंच मात्र पंधरा दिवसांत शेंड्याकडून वाळत गेली. हप्ता गटातल्या बायांनी वर्गणी काढून भरला.

म्हणून सांगते, यंत्र सुरू करायच्या आधी साल तपासा. नखानं किंवा चाकूच्या टोकानं जरासं खरवडा. खाली ओलं, हिरवट दिसलं तर जिवंत. कोरडं, तपकिरी असेल तर मेलेलं. हिरव्या फांदीपासून खाली मुळापर्यंत जिवंत पट्ट्याच्या कडेनं खडूची रेघ ओढा. रेघेच्या आत पातं न्यायचं नाही.

वाळलेली फांदी आधी पक्कडीनं चिरून ओढा. लाकडाच्या रेषा कुठं जातात ते दिसतं, त्याच वाटेनं यंत्र फिरवा. थोडं थोडंच काढा, काढलेलं परत चिकटवता येत नाही. पाणी साचेल असा खड्डा ठेवू नका, तिथूनच लाकूड कुजतं. वड, पिंपळ, बोगनवेल यांचं लाकूड मऊ, ते लवकर कुजतं. त्यांच्यावर हा घाट घालू नका.

आता स्वतःची काळजी. असा ग्राइंडर मिनिटाला पंचवीस हजारांच्या घरात फेरे घेतो. तेवढा वेग सोसणारंच पातं लावा. पदर खोचा, वेणी बांधा, बांगड्या आणि मंगळसूत्र काढून ठेवा. सैल कापडी हातमोजे नकोत, तेही गुंततात. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. कुंडी दोरीनं घट्ट बांधा, यंत्र दोन्ही हातांनी धरा. पातं बदलताना पिन काढलेलीच असावी.

शेवटी कोरलेल्या लाकडाला चुना-गंधकाचं द्रावण लावतात. त्यानं लाकूड पांढरं होतं, टिकतं. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि ते कातडी भाजतं. रबरी हातमोजे घालून, उघड्यावरच लावा. कुंडीतली माती प्लास्टिकनं झाका.

आम्ही दुसरी चिंच तयार करतोय. तिच्यावर खडूची रेघ ओढलीय, यंत्र अजून लावलेलं नाही. बघायला या, सगळ्या मिळून कोरू.