पऱ्हाटीचे इंधन आणि कुशल हात



बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव-मलकापूरच्या कापूसपट्ट्यात वेचणी संपल्यावर उरणारी पऱ्हाटी बरेचदा धुऱ्यावरच जाळली जाते;
तीच बारीक करून, वाळवून यंत्रात दाबली,
की 'पांढरा कोळसा', म्हणजे बॉयलरमध्ये जळणारा ठोकळा, तयार होतो.

औष्णिक वीजकेंद्रांनी दगडी कोळशात पिकांच्या अवशेषांचे जैवइंधन मिसळावे, हे केंद्र सरकारचे 2021 चे धोरण आहे,
आणि पारसचे वीजकेंद्र शेजारच्याच अकोला जिल्ह्यात आहे.

पऱ्हाटी उपटणे आणि वाहणे हे काम हंगामी, रोजंदारीचे असते;
परंतु ओलावा जास्त राहिला की ठोकळा फुटतो,
म्हणून तो ओलावा जोखणारा, झिजलेला साचा बदलणारा कारागीर कायम लागतो,
आणि पगार त्या कौशल्यालाच मिळतो.

हे कौशल्य बुलढाण्यातील आयटीआयमध्ये शिकवले जावे;
केवळ हंगामी मजुरीवर गावाची बोळवण होणे अन्यायाचे आहे.